शेवटचा अल्बम चौघांनी एका खोलीत बसूनच का करावा

सहा वर्षे एकत्र गाणारा-वाजवणारा सोलापूरचा तुमचा बँड येत्या जूनमध्ये थांबणार आहे, कारण गायिका पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला आणि बेस गिटार वाजवणारा मित्र नोकरीसाठी बेंगळुरूला निघाला आहे. त्याआधी आठ गाण्यांचा एक निरोपाचा अल्बम करायचा, असे तुम्ही ठरवले आहे. प्रत्येकाने आपापला भाग घरी ध्वनिमुद्रित करून पाठवला आणि नंतर तो जुळवला तर चालेल का, सगळी गाणी निरोपाचीच असावीत का, आणि हा शेवटचा अल्बम आहे हे आधी जाहीर करावे का, असे तुम्ही मला विचारले आहे. मी गेली बावीस वर्षे या शहरात ध्वनिमुद्रणाचे काम करते आहे. त्यात भजनी मंडळे आली, लग्नातले ऑर्केस्ट्रा आले, पूर्व भागातली तेलुगू भजने आली आणि अलीकडे तुमच्यासारखी स्वतःची गाणी स्वतः लिहिणारी मुलेही आली. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरेही मला त्याच कारणापाशी घेऊन जातात.

बँड थांबला म्हणून गाणी थांबत नाहीत. तुमची गायिका हीच गाणी जर्मनीत एका गिटारीवर म्हणू शकेल, आणि शब्द व चाल कागदावर उतरवून दहा वर्षांनी दुसऱ्या कोणालाही देता येतील. जूनमध्ये संपणार आहे ते चौघांचे एकमेकांसाठी थांबणे. मागच्या वर्षी तुमचा कार्यक्रम ऐकताना माझ्या लक्षात आले होते की तुमचा ड्रम्सवाला ध्रुवपदावर येताना किंचित मागे रेलतो, गायिकेला ते ठाऊक असल्यामुळे ती पहिला शब्द क्षणभर उशिरा सोडते, आणि बेसवाला त्या दोघांच्या मध्ये पडून समेवर असा उतरतो की ऐकणाऱ्याला कोणी थांबल्याचे कळतही नाही. हे कोणी कोणाला शिकवलेले नाही, सहा वर्षांच्या सरावात ते आपोआप अंगवळणी पडले आहे. घरोघरी क्लिकच्या, म्हणजे कानात वाजणाऱ्या यंत्राच्या एकसारख्या ठोक्यावर वाजवून पाठवलेल्या भागांत नेमकी हीच गोष्ट नसेल, कारण त्या वेळी प्रत्येक जण यंत्राची वाट पाहत असेल, एकमेकांची नाही. भाग जुळतील, चुका सापडणार नाहीत, पण जे जपण्यासाठी हा अल्बम करायचा तेच त्यातून निसटलेले असेल.

बीटल्स या इंग्लिश बँडचे उदाहरण इथे देते, कारण त्यांच्या अखेरच्या काळाची तारीखवार नोंद उपलब्ध आहे. ‘लेट इट बी’ हा त्यांचा अल्बम मे १९७० मध्ये शेवटचा म्हणून बाजारात आला, पण त्यातले बहुतेक काम जानेवारी १९६९ मधले आहे. त्यानंतर मुद्रित केलेला ‘ॲबी रोड’ मात्र २६ सप्टेंबर १९६९ रोजी आधीच प्रसिद्ध झाला होता. म्हणजे खऱ्या अर्थाने अखेरचे एकत्र काम ‘ॲबी रोड’चे. त्या सुमारास ते बरेचसे भाग वेगवेगळे वाजवू लागले होते, तरी त्या अल्बममधल्या ‘द एंड’ या गाण्यासाठी मॅकार्टनी, हॅरिसन आणि लेनन हे तिघे एकत्र बसले आणि दोन-दोन आवर्तने आळीपाळीने गिटार वाजवत गेले. आधी एकाची धाटणी, लगेच दुसऱ्याची, मग तिसऱ्याची, आणि पुन्हा पहिल्याची. डोळे मिटून ऐकले तरी कोण कोणाला जागा देतो आहे ते कळते. हे भाग तीन दिवशी तीन ठिकाणी वाजवून जोडले असते तर सूर तेच राहिले असते, पण एकाचे ऐकून दुसऱ्याने दिलेले उत्तर त्यात आले नसते.

आता खोलीविषयी. पैसे वाचवून पुण्याच्या स्टुडिओत दोन दिवस घ्यावेत, असे तुमच्यापैकी एकाने सुचवले आहे. त्यापेक्षा तुमच्या सरावाच्याच खोलीत सहा दिवस घालवा, असे मी म्हणेन. दोन दिवसांत आठ गाणी म्हणजे घड्याळाकडे पाहत वाजवणे होईल, आणि अनोळखी खोलीत आपला आवाज कानाला सवयीचा होईपर्यंतच पहिला दिवस संपतो. खोली ओळखीची असली की वाजवणारा स्वतःकडे कमी आणि इतरांकडे जास्त लक्ष देतो.

तुमच्या खोलीच्या भिंतींवर तुम्ही सोलापुरी चादरी टांगल्या आहेत आणि त्यामुळे आवाज ‘बंद’ झाला, असे तुम्हाला वाटते. चादरीने फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषला जातो, म्हणजे झांजेची चमक आणि शब्दांतले ‘स’, ‘श’. खर्जातला आवाज चादरीला जुमानत नाही. सेकंदाला १०० कंपने असलेल्या स्वराची लांबी हवेत सुमारे साडेतीन मीटर असते, आणि इतकी लांब लहर बोटभर जाडीच्या कापडाने अडत नाही. परिणामी खोलीतली चमक मरते, बेस मात्र कोपऱ्यांत घुमत राहतो आणि सगळे ध्वनिमुद्रण पेटीत कोंडल्यासारखे ऐकू येते. निम्म्या चादरी उतरवा. ज्या ठेवाल त्या दुहेरी घडी घालून भिंतीपासून वीतभर पुढे टांगा, आणि कोपऱ्यांत कापसाच्या जाड गाद्या उभ्या करा. ड्रम्सच्या मागची भिंत उघडीच राहू द्या.

बसताना एकमेकांपासून फार लांब बसू नका. एका सेकंदाचे हजार भाग केले तर आवाजाला एक मीटर जायला त्यांतले सुमारे तीन भाग लागतात. चार-पाच मीटर अंतर पडले की समोरच्याचा ठोका कानाला उशिरा पोहोचू लागतो, आणि तो सांभाळण्याच्या नादात लय जड होते. दीड-दोन मीटरच्या अर्धवर्तुळात बसा, म्हणजे एकमेकांचे हात आणि चेहरेही दिसतील. ड्रम्सचा आवाज गायिकेच्या माइकमध्ये शिरेल ही तुमची भीती रास्त आहे. त्यावर साधा उपाय असा की कार्डिऑइड माइक मागच्या बाजूने येणारा आवाज सर्वांत कमी घेतो, त्यामुळे माइकची पाठ ड्रम्सकडे होईल अशा रीतीने गायिकेला बसवावे. बेस थेट इंटरफेसमध्ये, म्हणजे वाद्य संगणकाला जोडणाऱ्या यंत्रात घ्यावा आणि गिटारचा अँप (ध्वनिवर्धक) बाहेरच्या बोळात ठेवून दार लोटून घ्यावे. तरीही थोडा आवाज एकमेकांत मिसळेल. तो मिसळू द्या. अशा मिसळण्यामुळे एखाद्याची चूक नंतर पुसता येत नाही हे खरे, पण त्याच कारणाने चौघेही टेकमध्ये, म्हणजे गाणे एका दमात मुद्रित होत असताना, पूर्ण जागे राहतात.

खोलीच्या मागे यंत्रमागाचा कारखाना आहे आणि त्याचा ठोका भिंतीपेक्षा जमिनीतून जास्त येतो. त्यावर गाद्यांचा उपाय चालत नाही. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी आणि पाळी बदलण्याची वेळ विचारून घ्या, आणि हळू गाणी त्या वेळेत मुद्रित करा. मात्र माझी एक मनापासूनची सूचना आहे. सहा वर्षे त्या मागांच्या सोबतीने तुम्ही सराव केला आहे. तुमच्या जलद गाण्यांचा ठेका त्या आवाजाला ओलांडून ऐकू यावा म्हणूनच इतका ठाम झाला आहे, असे मला ते ऐकताना वाटते. तेव्हा मालकांची परवानगी घेऊन कारखान्याच्या दाराशी तो आवाज वेगळा मुद्रित करून ठेवा, आणि एका गाण्याच्या सुरुवातीला तो पुरेसा वेळ वाजू द्या.

काळ निवडताना आपल्या उन्हाळ्याचा विचार करावाच लागेल. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, आणि ध्वनिमुद्रण चालू असताना पंखा किंवा कूलर लावता येत नाही. उष्णतेने गिटारच्या तारा ढिल्या पडून सूर उतरतो, तर बासरीतली हवा तापून तिचा सूर चढतो. तुमच्या दोन गाण्यांत कीबोर्डवाला बासरीही वाजवतो, म्हणजे दुपारी तीन वाजता ही दोन वाद्ये एकमेकांपासून दोन दिशांना सरकत असतील. संक्रांतीची, गड्ड्याच्या यात्रेची गडबड ओसरली की फेब्रुवारीत सुरुवात करा. सकाळी सात ते अकरा आणि सूर्यास्तानंतर पुन्हा तीन तास, एवढेच काम पुरे.

क्लिकविषयी माझे मत असे आहे की ज्या तीन गाण्यांत कीबोर्डवर आधीच भरलेले ठेके आहेत तिथे क्लिक अपरिहार्य आहे, बाकीच्या पाच गाण्यांत तो नको. क्लिकशिवाय वाजवल्यावर ध्रुवपद मिनिटाला दोन-तीन ठोक्यांनी पुढे पळते आणि कडव्यावर परत स्थिरावते. संगणकाच्या पडद्यावर ते दोषासारखे दिसते, कानाला मात्र ते श्वासासारखे वाटते. एका गाण्याचे पाचाहून अधिक टेक करू नका. पाच टेकमध्ये जमले नाही तर ते गाणे दुसऱ्या दिवसावर टाका, कारण सहाव्या टेकपासून माणसे गाणे वाजवायचे सोडून मागच्या टेकमधली चूक टाळत बसतात.

गाणी कोणती घ्यावीत, हा खरे तर तुमच्या प्रश्नांतला सर्वांत मोठा प्रश्न होता आणि तुम्ही तो एका ओळीत विचारलात. तुम्ही पाठवलेल्या आठ गाण्यांपैकी सहा नव्याने लिहिलेली आहेत आणि सहाही स्टेशन, शेवटची भेट, रिकामी खोली यांविषयी आहेत. त्यांतले एक ठेवा. ऐकणाऱ्याला हा शेवटचा अल्बम आहे हे कळले की पावसावरचे साधे गाणेही तो निरोपाचे म्हणून ऐकतो, त्याला तसे प्रत्येक ओळीत सांगावे लागत नाही. शिवाय ही सहा गाणी तुम्ही गेल्या दोन महिन्यांत रचलीत. ती तुमच्या हातांत अजून मुरलेली नाहीत, आणि मी वर सांगितलेले ते थांबणे मुरलेल्या गाण्यांतच असते. कार्यक्रमात तुम्ही वर्षानुवर्षे वाजवता पण कधी मुद्रित केली नाहीत, अशी किमान चार गाणी मला माहीत आहेत. ज्याच्या मधल्या कडव्यात अर्धी ओळ तेलुगू आणि अर्धी दखनी उर्दू येते ते गाणे तुम्ही यादीतून वगळलेत, कारण बाहेरच्या लोकांना ते कळणार नाही असे तुम्हाला वाटले. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच चौकात ऐकू येणाऱ्या या शहरातून निघालेल्या बँडचा तोच खरा आवाज आहे. ते गाणे अल्बममध्ये असलेच पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

क्रमाविषयी थोडक्यात सांगते. आपल्याकडे मैफल भैरवीने संपते हे श्रोत्याला न सांगता ठाऊक असते. ऋषभ, गांधार, धैवत आणि निषाद कोमल लागले की तो समजतो की आता उठायचे आहे. तुमच्या त्या एका निरोपाच्या गाण्याची चाल योगायोगाने त्याच सुरावटीच्या जवळ जाते. म्हणून ते अखेरीस ठेवा, आणि त्याच्या लगेच आधी सर्वांत जलद गाणे ठेवा, मध्यम लयीचे नाही. सगळे मिळून पस्तीस-चाळीस मिनिटांचे काम झाले तर पुष्कळ झाले.

आता कागदपत्रांकडे वळते. ‘आम्ही मित्र आहोत, आम्हाला त्याची गरज नाही’ असे तुम्ही लिहिले आहे. मँचेस्टरच्या द स्मिथ्स या बँडमधले चौघेही मित्रच होते. त्यांचा शेवटचा अल्बम १९८७ च्या सप्टेंबरमध्ये आला तेव्हा त्यांचा गिटारवादक जॉनी मार बँड सोडून गेलेला होता. कमाईची वाटणी दोघांना ४० टक्के प्रत्येकी आणि उरलेल्या दोघांना १० टक्के प्रत्येकी अशी चालत आली होती, पण ती सर्वांनी मान्य केल्याचा लेखी करार नव्हता. ड्रम्स वाजवणारे माइक जॉइस न्यायालयात गेले आणि १९९६ मध्ये, म्हणजे बँड मोडून नऊ वर्षे झाल्यावर, त्यांचा समान म्हणजे २५ टक्के वाटा मान्य झाला. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम १३ मध्येही हेच तत्त्व आहे की वेगळा करार नसेल तर भागीदारांचा नफ्यात वाटा समान असतो. तुम्हाला समान वाटणी हवी असेल तरी ती लिहून ठेवा, आणि नको असेल तर ती लिहिणे अधिकच आवश्यक आहे.

लिहिताना तीन हक्क वेगळे ओळखा. शब्दांचा हक्क गीतकाराचा आणि चालीचा हक्क संगीतकाराचा असतो, आणि प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ नुसार हे दोन्ही त्या व्यक्तीच्या हयातीत आणि तिच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क तिसरा आणि स्वतंत्र आहे. तो ध्वनिमुद्रणासाठी पुढाकार घेऊन जबाबदारी उचलणाऱ्या निर्मात्याकडे जातो आणि प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. खर्च एकट्या ड्रम्सवाल्याच्या वडिलांनी केला तर उद्या निर्माता कोण, असा प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून चौघेही निर्माते आहेत आणि ती रक्कम उसनी घेतली आहे, हे आधीच कागदावर आणा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना स्वामित्वधनातला (रॉयल्टीतला) आपला वाटा कायदेशीर वारस किंवा हक्कसंस्था यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाला देऊन टाकता येत नाही. त्यामुळे एखाद्या कंपनीने तसे लिहून मागितले तर सही करू नका. ज्यांनी शब्द आणि चाली केल्या त्यांनी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या हक्कसंस्थेचे सभासदत्व घ्यावे.

याच विषयातली आणखी एक बाब आहे, आणि थांबणाऱ्या बँडच्या दृष्टीने मला ती सर्वांत गंभीर वाटते. गाणी इंटरनेटवरच्या संगीतसेवांवर पोहोचवणाऱ्या काही वितरकांचे शुल्क वार्षिक असते, आणि ते भरायचे राहिले की गाणी काढली जाऊ शकतात. बँड चालू असताना कोणीतरी ते भरतच असतो. चौघे चार ठिकाणी गेल्यावर तिसऱ्या वर्षी प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने भरले असेल. तेव्हा एकरकमी शुल्क घेणारा वितरक निवडा, किंवा दहा वर्षांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवून एका व्यक्तीवर लेखी जबाबदारी द्या. खात्याचा पासवर्ड चौघांकडेही असू द्या. प्रत्येक गाण्याला मिळणारा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांकही त्याच कागदावर नोंदवून ठेवा, कारण वितरक बदलावा लागला तर आधीचे ऐकण्याचे आकडे टिकवायला तो लागतो.

जाहीर करावे की नाही, याविषयी दोन्ही बाजूंची उदाहरणे आहेत. आर. ई. एम. या अमेरिकन बँडने मार्च २०११ मध्ये आपला अखेरचा अल्बम काढला तेव्हा काहीच सांगितले नाही. त्यातले शेवटचे गाणे संपता संपता पहिल्या गाण्याकडे परत वळते, आणि त्याच वर्षीच्या २१ सप्टेंबरला त्यांनी बँड थांबवल्याचे जाहीर केल्यावर त्या वळणाचा अर्थ लोकांना लागला. उलट एलसीडी साउंडसिस्टिम या बँडने त्याच वर्षी २ एप्रिलला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये गाजावाजा करून निरोपाचा कार्यक्रम केला, काही वर्षांतच तो परत आला आणि २०१७ मध्ये त्याचा नवा अल्बमही निघाला, तेव्हा निरोपासाठी लांबून आलेल्या काही चाहत्यांना ते लागले. मला इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या सारा रेकॉर्ड्स या छोट्या, स्वतंत्र पॉप संगीत काढणाऱ्या कंपनीची रीत सर्वांत भावते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने १९९५ मध्ये आपले शंभरावे प्रकाशन काढले, मेजवानी दिली, आणि ठरल्याप्रमाणे ती थांबली. तुम्हीही प्रकाशनाच्या दिवशी एका वाक्यात खरे ते सांगा. दोघे बाहेर चालले आहेत आणि हा या बँडचा अखेरचा अल्बम आहे, एवढे पुरेसे आहे. पुढे कधी सुट्टीत एकत्र वाजवावेसे वाटले तर त्या वाक्याने तुमची अडचण होणार नाही. मात्र तिकिटे खपावीत म्हणून ‘शेवटचा’ हा शब्द आधीपासून फलकांवर लावू नका. हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात कार्यक्रम करायचा तुमचा विचार चांगला आहे. तो ध्वनिमुद्रणानंतर करा, आधी नको, कारण त्या कार्यक्रमानंतर तुम्हाला पुन्हा खोलीत बसून तीच गाणी वाजवणे जड जाईल.

मूळ फाइली जपण्याबाबत मी कठोर आहे आणि त्याला कारण आहे. एका भजनी मंडळाचे दोन दिवसांचे ध्वनिमुद्रण मी एकाच हार्ड डिस्कवर ठेवले होते आणि ती बंद पडली. त्यातले पखवाजवादक काका त्यानंतर वर्षभरातच गेले. आज त्या मंडळाकडे वाटण्यासाठी केलेली एक एमपी३ फाइल तेवढी आहे, आणि त्या फाइलमधला पखवाज आता मूळच्या स्वच्छतेने वेगळा काढता येत नाही. तुम्ही ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर मुद्रण करा. काम संपल्यावर प्रत्येक वाद्याचा माग (ट्रॅक) गाण्याच्या शून्य सेकंदापासून शेवटपर्यंत अखंड वेव्ह फाइल म्हणून काढून घ्या, कारण आजचे सॉफ्टवेअर पंधरा वर्षांनी उघडेलच असे नाही, पण वेव्ह फाइल कोणत्याही यंत्रावर शून्यापाशी लावली की सगळे माग आपोआप जुळतात. अशा तीन प्रती करा. दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यांतली एक सोलापूरबाहेर राहू द्या, आणि तिसरी प्रत इंटरनेटवरच्या साठवणीत ठेवा.

ध्वनिमुद्रणाच्या सहाव्या दिवशी शेवटच्या गाण्याचा टेक झाला की लगेच उठू नका आणि यंत्रही बंद करू नका. प्रत्येक गाण्याच्या अखेरीस सूर विरताना त्याखाली जोडायला खोलीची स्वतःची शांतता लागते, आणि ती नंतर रिकाम्या खोलीत मुद्रित केली तर जुळत नाही, कारण माणसे बसलेली असताना खोलीचा आवाज वेगळा असतो. तेव्हा वाद्ये हातांतच ठेवून, तारांवर तळवा टेकवून, चौघांनी आपापल्या जागी पूर्ण दोन मिनिटे न हलता बसायचे आहे. वेळ मी पाहीन आणि संपल्यावर हाताने खूण करीन.